खवले लागलेला अर्ज

आज सकाळी सातपाटीहून पालघरला जाणाऱ्या एसटीत एका म्हाताऱ्या कोळणीने सीटवरची टोपली उचलून मला जागा दिली. "बाई, वळखलं नाय? मी हिरा!"

नव्वद सालच्या आसपास हीच सकाळची गाडी बंद करून जीपवाल्यांना रान मोकळं करायचं घाटत होतं. मी गावात शिक्षिका, म्हणून अर्ज मी लिहिला. मासळी निवडता निवडता बायकांनी अंगठे उमटवले, तर कागदभर खवले!

तो घेऊन हिरा नि मी पालघरला गेलो. डेपोतले साहेब नाक दाबून म्हणाले, "गाडी रिकामीच धावते."

हिरा म्हणाली, "मंग गाडीत जाऊन वास घ्या. आमी बसत नाय, तर तो वास कोनाचा?"

गाडी राहिली. आजही तिला तोच वास होता. मी पोटभर घेतला.

तुमच्या गावची गाडी कुणी भांडून राखली, ठाऊक आहे?