गादीखालची पोस्टरं

“पूर्ण वाच रे. माणूस खरं काय ते शेवटच्या ओळीत बोलतो.”

माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा हा गृहस्थ दिवसातून दहा वेळा तरी हे म्हणायचा. तक्रार वाचताना बोट स्क्रीनवर ओळीखाली धरायचा, पहिलीतल्या मुलासारखं. आमचं ऑफिस अंधेरीला. व्हिडिओ गेम विकणाऱ्या एका कंपनीकडे ऑनलाइन येणाऱ्या तक्रारींना उत्तरं देणं हे आमचं काम. पन्नाशीकडे झुकलेली दोन माणसं हे काम करतात याचं तुम्हाला हसू येईल. आम्हालाही सुरुवातीला यायचं.

एकाच गेमच्या तीन-तीन आवृत्त्या. साधी, डिलक्स आणि महागडी कलेक्टर्स एडिशन, जिच्या खोक्यात तलवार, पोस्टर असल्या वस्तू येतात. डिलक्सवाल्याला मिळालेला गेममधला घोडा साधीवाल्यालाही दिला, म्हणून डिलक्सवाला चिडणार. कलेक्टर्सवाल्याची तलवार खोक्यात नाही, म्हणून तो आईबहिणीवर येणार. वाचून वाचून डोळे जड होतात आणि माणूसजातीवरचा विश्वास उडतो. त्यासाठी कंपनीने तयार उत्तरं दिली होती. बटण दाबलं की जायची. हा मात्र स्वतः टाइप करायचा. तसं उत्तर जाण्याआधी ते मी वाचून मंजुरीची टिक करावी, असा नियम होता.

“अरे, बटण दाब ना यार,” मी म्हणायचो.

“त्याने एवढं लिहिलंय आणि आपण बटण दाबायचं?”

एकदा त्याच्या दहिसरच्या घरी गेलो होतो. चहा यायच्या आत नवरा-बायकोने दोन बाजूंनी गादी उचलली. खाली सिनेमाची जुनी पोस्टरं, एकावर एक, मध्ये वर्तमानपत्रं घातलेली.

“पाहुणे आले की आमच्याकडे आधी गादी उठते,” वहिनी म्हणाल्या. “माहेरचे लोक तर आता उभेच राहतात.”

याचे वडील बोरीवलीच्या एका थिएटरात डोअरकीपर होते. सिनेमा उतरला की पोस्टर घरी आणायचे. कागदाला घड्या पडलेल्या असायच्या. मग उलट्या बाजूने सुती कापड ठेवून हलकी इस्त्री आणि आठ दिवस गादीखाली. घरात एकच खोली, भिंती कपाटांनी आणि फळ्यांनी भरलेल्या, त्यामुळे पोस्टर वर कधी लागलंच नाही. “आम्ही भावंडं हिरोंच्या छातीवर झोपून मोठी झालो,” तो म्हणाला. वडील गेल्यावर भावाने भांडी घेतली, याने पोस्टरं घेतली.

गेल्या वर्षी एका मोठ्या गेमची कलेक्टर्स एडिशन आली आणि आमची वाट लागली. त्या गर्दीत मुलुंडच्या एकाची तक्रार होती. सोबतचं पोस्टर घडी पडून आलं होतं. शिव्या नव्हत्या. शेवटी लिहिलं होतं, ‘लहानपणी लावायला भिंत नव्हती. आता भाड्याची का होईना, आहे.’

याने त्या ओळीखाली बोट धरून ती पुन्हा वाचली. मग त्याने लांबलचक उत्तर लिहिलं. उलटी बाजू, सुती कापड, हलकी इस्त्री, गादी, आठ दिवस. माझ्यासमोर ढीग पडला होता. मी न वाचताच टिक केली.

जुनी पोस्टरं साध्या कागदाची. या नव्याला प्लास्टिकचा चकचकीत थर होता. इस्त्रीखाली तो वितळला. इस्त्रीला चिकटलेल्या पोस्टरचा फोटो आमच्या उत्तरासकट इंटरनेटवर गेला आणि दोन दिवस सगळा देश कंपनीला हसला.

मॅनेजर मॅडमनी दोघांना बोलावलं. “ही टिक कोणी केली?”

मी तोंड उघडेपर्यंत हा म्हणाला, “मीच, मॅडम. हा जेवायला गेला होता. ह्याचा कॉम्प्युटर उघडा होता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हे लिहितानाही मला लाज वाटते आहे, पण मी मान हलवली. त्याची नोकरी गेली. संध्याकाळी त्याने डबा आणि छत्री उचलली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि तो गेला.

पंधरा दिवसांनी मुलुंडच्या त्या माणसाचं पुन्हा पत्र आलं. ‘तुमच्याकडचे एक गृहस्थ रविवारी घरी आले होते. चूक झाली म्हणाले आणि एक जुनं सिनेमाचं पोस्टर देऊन गेले. वडिलांनी आणलेलं आहे म्हणे. मला ते ठेवून घेववत नाही. त्यांचा पत्ता मिळेल का?’

मी दुपारी जिन्यात जाऊन त्याला फोन लावला.

“ठेव म्हणावं त्याला,” तो म्हणाला. “आमच्याकडे अजून आहेत.”

“आणि ती टिक... तू तसं का सांगितलंस रे?”

“दोघंही गेलो असतो ना. तुझी पोरगी बारावीला आहे. माझा मुलगा कमावतो.” मग थोडं थांबून म्हणाला, “झालं ते झालं. जेवलास का?”

मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

मुलुंडला उत्तर पाठवलं आणि फाइल बंद करायला घेतली. प्रत्येक फाइलच्या तळाशी एक रकाना असतो, चूक कोणाची. तिथे त्याचं नाव आहे. फाइल तपासून बंद करणारा मी, म्हणून ते बदलायचा अधिकार ऑफिसात फक्त मला आहे, आणि मी ते अजून बदललेलं नाही.