नाव झाकलेलं, दार उघडं

"नाव झाकलं म्हणजे दार लागत नाही," असं तारमामा उठता-बसता म्हणायचे. ऐकणारे हसायचे, चहाचा कप पुढे करायचे आणि ऐकलेलं तिथंच सांडून मोकळे व्हायचे.

तारमामा घरोघरी इंटरनेटची तार ओढून द्यायचे, वाय-फायचा डबा बसवायचे. शाळा सातवीत सुटलेली. आधी रेडिओ उघडून शिकले, मग टीव्ही, मग हे डबे. कुणी हात धरून शिकवलं नाही, म्हणून कुणाच्या चुकाही आपल्या हाताला लागल्या नाहीत, हे ते मोठ्या ऐटीत सांगायचे. खांद्यावर कापडी पिशवी. तिच्यात पक्कड, धूळ झाडायचा ब्रश आणि साबणाची वडी. साबण कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तुम्ही लोकांची घरं पुढून बघता. मी मागून बघतो."

आणि मागे काय नसायचं! झुरळांची अंडी, नखांचे तुकडे, चघळून भिंतीला चिकटवलेला च्युइंगम. पण त्या घाणीवर साबण होता. दुसऱ्या घाणीवर नव्हता. कुणी शेजारणीच्या घरातला कॅमेरा चोरून बघायचा, कुणी भावाच्या जोडणीवरून भावालाच शिव्या लिहायचा. असं काही दिसलं की मामांना जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, "जोडा, पैसे घ्या, या. कशाला वाकून बघता?" मामा म्हणायचे, "वाकल्याशिवाय तार जोडता येत नाही गं."

एका दुपारी ते तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे गेले. बाईंनीच घाईघाईने बोलावलं होतं. बाईंची लेक घरी बसून एका दवाखान्यासाठी डॉक्टरांचे अहवाल टाइप करायची. त्या एका कामावर घर चाललं होतं, कारण बाईंचे डोळे अधू झाल्यापासून शिलाईचं मशीन झाकूनच होतं.

"मामा, हे वाचा," लेकीने कागद पुढे केला. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दवाखान्याचं पत्र होतं. तिथल्या एका नर्सबद्दल दवाखान्याच्या वेबसाइटवर कुणीतरी तीनदा गलिच्छ मजकूर लिहिला होता, आणि तिन्ही वेळा तो याच घराच्या जोडणीवरून आला होता. संध्याकाळी पाचपर्यंत खुलासा द्या, नाहीतर उद्यापासून काम बंद.

"मी नाही लिहिलं, मामा. त्या तिन्ही दुपारी मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. घराला कुलूप होतं."

"घराला होतं," मामा म्हणाले, आणि डब्याकडे वळले.

ब्रशने जाळी झाडली, लॅपटॉप जोडला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. वाय-फायचं नाव लपवलेलं होतं, पण त्याला जोडायला पासवर्डच नव्हता. आणि डब्याची किल्ली म्हणावी तो, सेटिंग बदलायचा आतला पासवर्ड तर कारखान्यातून आला तसाच, डब्याच्या पाठीवर छापलेला.

"हे कुणी केलं?"

"भावोजींनी," बाई म्हणाल्या. "शेजारीच राहतात. त्यांना सगळं कळतं."

एवढ्यात भावोजी आलेच. म्हणजे लेकीचे काका, इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. इस्त्रीचा सदरा, अंगाला अत्तराचा घमघमाट.

"काय तारवाले, काही सापडलं का? मी नावच लपवून ठेवलंय. दिसतच नाही तर शिरणार कोण?"

मामांनी आपला फोन त्यांच्यापुढे धरला. "ही बिननावाची रेघ दिसते ना? तेच तुमचं लपवलेलं. आणि हिचा फोन ते नाव घेत बाजारभर हिंडतो, 'आहेस का, आहेस का' विचारत. ऐकणाऱ्याला कान असले की झालं. नाव झाकलं म्हणजे..."

"पुरे! पासवर्ड नको, मीच म्हणालो. म्हाताऱ्या माणसांना आठवत नाही."

"म्हणजे बाहेरचा कुणी असू शकतो ना?" लेकीने आशेने विचारलं.

"बघू," म्हणून मामांनी डब्यातली नोंद उघडली. कोणतं यंत्र कधी जोडलं गेलं, ते डब्याने तारीखवार लिहून ठेवलं होतं. पत्रातल्या तीन दुपारी लेकीचं यंत्र नव्हतं, बाईंचा फोन नव्हता. तिन्ही वेळा एकच यंत्र होतं. यंत्राला मालकाने हौसेने नाव दिलेलं होतं: अध्यक्ष.

काकांनी डब्याचं नाव लपवलं, दार स्वतःसाठी उघडं ठेवलं, आणि आपल्या टॅबवर मिरवायचं नाव तसंच राहू दिलं.

लेक हळूच म्हणाली, "काका, तुमच्या गुडघ्याच्या वेळी रोज पट्टी बदलायची, तीच ना ती नर्स?"

"भलती फाजील पोरगी," काका म्हणाले. "जरा गंमत केली तर एवढं काय!"

मामांचा हात पिशवीतल्या साबणाकडे गेला. पण ही घाण साबणाची नव्हती.

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मामा, घरातली गोष्ट आहे. बाहेरचा कुणीतरी होता, असं लिहून द्या ना. तेवढ्याने हिचंही काम राहील."

"खोट्यावर राहिलेलं काम किती दिवस राहील, बाई? आणि तिकडे ती नर्स रोज कुणाकुणाच्या तोंडाकडे बघत बसेल?"

"ऐक रे तारवाल्या," काका गुरकावले. "या इमारतीतली चाळीस घरं तुझ्याकडे आहेत. मी एक शब्द टाकला तर उद्या एकही राहणार नाही."

"टाका," मामा म्हणाले. "माझं नाव मी कधी झाकलेलं नाही."

काका पाय आपटत शेजारी आपल्या घरी निघून गेले. मामांनी कोरा कागद घेतला. तीन तारखा, तीन वेळा, यंत्राचं नाव. 'काय लिहिलं ते डबा सांगत नाही, कोण जोडलेलं होतं तेवढंच सांगतो,' हेही प्रामाणिकपणे लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली. डब्याच्या आतला पासवर्ड बदलला, नाव उघडं केलं, आणि लेकीला म्हणाले, "आता लांबलचक पासवर्ड घाल. घरात कुणी कधी बोललं नाही असं वाक्य."

लेकीने आईकडे पाठ करून काहीतरी टाइप केलं. शेजारच्या घरातून काकांच्या टॅबवरचं भजन मध्येच तुटलं. चार वाजून वीस मिनिटांनी तिने कागदाचा फोटो दवाखान्याला पाठवला. पाठवताना आईने तिचा हात धरला होता, मग सोडला.

मामांनी मोरीत हात धुतले. दोनदा. चहा नको म्हणाले.

पिशवी खांद्याला लावून ते जिना उतरले आणि अंगणातून, वरच्या चाळीस घरांच्या आपणच ओढलेल्या तारांखालून, सावकाश चालत गेले. वर काकांचं दार बोटभर उघडं होतं. त्यातला डोळा त्यांच्या पाठीवर होता. लेक मात्र कठड्यापाशी पुरी उघड्यावर उभी राहून, ते फाटकाबाहेर वळेपर्यंत बघत होती.