देवकपाशीचं टोपडं

आमच्या होळी गावातल्या वाड्यांत केळी लावावी लागते, अळू लावावं लागतं. देवकपाशी मात्र कुंपणाकडेला आपली आपण उभी राहते. तिचा कापूस वातींसाठी. मनोरमाताईंच्या दारच्या कपाशीवर निम्म्या गावाच्या समया तेवतात, हे आम्ही परगावच्या माणसाला आवर्जून सांगतो.

या मनोरमाताईंच्या उजव्या अंगावरून गेल्या वर्षी वारं गेलं. वाचा परतली, पाय सावरला. उजवा हात तेवढा पाहुण्यासारखा मांडीवर बसून राहिला. दवाखान्यातून रबरी चेंडू दिला होता, दाबत राहायला. थोडे दिवस दाबून ताईंनी तो खिडकीबाहेर फेकला. "मी काय कुत्र्याचं पिल्लू हाय, चेंडू खेलायला?"

घरच्यांनी त्यांच्या हातून विळी घेतली, कळशी घेतली. सगळं मायेनेच. शेजारणीही त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागल्या, जणू मोठ्याने बोललं तर बाई तडकेल.

अशात विरारला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाचा, परेशचा, फोन आला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याच्या बायकोला, क्षितिजाला, दिवस गेले होते. ताईंचा आनंद घरात मावेना. पण क्षितिजा बोलता बोलता म्हणाली, "ताई, बारशाला तुम्ही मस्त खुर्चीत बसा हां. बाळाला पाळण्यात घालायला आपली जिजा आहे. तुमचा हात थरथरतो ना, रिस्क नको."

जिजा म्हणजे परेशची चुलत बहीण. सख्खी आत्या जिवंत असताना नाव चुलत आत्या ठेवणार! हात थरथरत होता हे खरंच होतं. पण माहेरच्या प्रत्येक लेकराच्या डोक्यावर त्यांनीच विणलेलं टोपडं चढलं होतं, हेही तितकंच खरं. त्यांनी ट्रंकेतून शाळेतली, सूत कातायची पितळी टकळी काढली. बाळ भर उन्हाळ्यात येणार. लोकर टोचली असती, आणि कापूस तर दारातच होता.

डाव्या हाताने सरकी काढली, कापसाचे पेळू वळले. टकळीचं टोक वाटीत टेकवून उजव्या हाताने फिरवायला घेतली. ती पडे, ताई उचलत. पाऊस सरला, ओट्यावर ऊन आलं, तेव्हा टकळीवर सूत दिसू लागलं. जाडंभरडं, पण सूत. ताईंनी हौसेने सुयांवर टाके घातले. दोन-चार ओळी झाल्या आणि सूत जागच्या जागी सुटून त्याचा कापूस झाला. पुन्हा घातले, पुन्हा तेच.

"हातात जोरच नाय राहिला," ताई म्हणाल्या. "क्षितिजा बोलली त्यात काय खोटं?"

त्यांचे यजमान जयवंतभाऊ शेजारी केळीच्या सोपटाची, खोडाच्या सालीची, दोरी वळत बसले होते. त्यांनी तुटलेलं सूत चिमटीत धरून ओढलं आणि हसले.

"जोराचं नाव कशाला काढतेस? अगो, तू वात वळलीस. सूत कुठे हाय हे?"

ताईंनी सूत बोटांत फिरवून पाहिलं. वात ढिलीच वळतात, तिला तेल प्यायला जागा लागते. जन्मभर वाती वळलेली ती बोटं, पीळ भरायच्या आतच थांबत होती. दुखण्याचा दोष नव्हता, सवयीचा होता.

"मग आधी सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"आनि तू ऐकलं असतंस? म्हनाली असतीस, दोरीवाल्याने सुतात नाक खुपसू नये."

"आतापन तेच म्हनते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी टकळी उचलली.

आता ती पीळ पुरता भरेपर्यंत फिरली. मग दोन पदर घेऊन उलट्या अंगाने एकत्र वळले, जयवंतभाऊ दोरी वळतात तसे. ते सूत ओढलं तर बोटाला कापेल असं निघालं.

विरारच्या फ्लॅटमध्ये बारशाला माणसं जमली. त्या सुताचं विणलेलं टोपडं बाळाला घातलं तर ते थेट नाकावर उतरलं. हशा पिकला.

"ताई, हे तर त्याला दहावीला होईल!" परेश म्हणाला.

क्षितिजा हसली नाही. ती टोपड्याच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. "सूतसुद्धा तुम्हीच काढलंत? या हाताने?"

जिजा बाळ घ्यायला पुढे झाली होती. क्षितिजाने तिच्याकडे पाहिलं, आणि बाळ ताईंच्या उजव्या कोपरात ठेवलं. हात थरथरला. बाळाला तो झोकाच वाटला असावा, त्याने जांभई दिली. ताईंनी त्याला अलगद पाळण्यात निजवलं, वाकून कानात नाव सांगितलं, "वेदांत."

नाव घेतलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. बायकांनी हात उगारले आणि ते हवेतच राहिले. आजारी बाई, मारायचं कसं?

ताई वाकलेल्याच होत्या. "का गो, हात कुनाचे आखडले? माझे की तुमचे?"

जिजाने असा धपाटा घातला की आवाज जिन्यापर्यंत गेला.

"मेले गो बाय!" ताई कळवळून ओरडल्या, आणि पुढच्या धपाट्यासाठी त्यांनी पाठ आणखी वाकवली.