भिकाची हाक

झेंडूच्या वाफ्यात पहिल्यांदा हाक आली तेव्हा चिमाजीने सहज 'ओ' दिली, आणि मग त्याच्या अंगावर काटा आला. आवाज भिकाचा होता. भिका म्हणजे त्याचा थोरला भाऊ. अल्सर फुटून रक्ताच्या उलट्या करत तो गेला, त्याला कितीतरी वर्षं लोटली होती.

भिका गेल्यावर काही वर्षांनी तेच दुखणं चिमाजीलाही लागलं होतं. भावाचं मरण डोळ्यांपुढे होतं, म्हणून तो मुकाट ऑपरेशनला तयार झाला. नाशिकच्या डॉक्टरांनी जठराचा बराचसा भाग काढून टाकला. जीव वाचला, पण जेवणाची मजा गेली ती गेलीच. लग्नाच्या पंगतीत चार घास गोड खाल्ले की दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मग तो थोडं थोडं खायला शिकला. मखमलाबादच्या मळ्यात फुलं पिकवत त्याने संसार केला आणि ऑपरेशन विसरूनही गेला.

साठी उलटली आणि पायांना मुंग्या येऊ लागल्या. चप्पल पायातून निसटली तरी कळेना. बांधावर तोल जाऊ लागला. आणि भिका रोज यायला लागला.

"कुणाशी बोलताय?" त्याच्या बायकोने, सरुबाईने, एकदा विचारलं.

"दादाशी. म्हणतो, माझ्या वाटणीचं तू जगतोयस. आता चल."

सरुबाई हबकली. भगताचा अंगारा झाला, रामकुंडावर भिकाच्या नावाने पिंडदान झालं. हाक उलट जवळून येऊ लागली. एका सकाळी चिमाजी 'आलो आलो' म्हणत विहिरीकडे निघाला. कठड्यापाशी सून छायाने त्याला मागून मिठी मारून धरलं आणि तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण बाईंची नजर पोटावरच्या जुन्या व्रणावर थांबली.

"या ऑपरेशननंतर बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेतलीत?"

"कुणी सांगितलंच नाय."

"जठर कापलं की ते जीवनसत्त्व अन्नातून नीट अंगी लागत नाही. जुना साठा वर्षानुवर्षं पुरतो, मग संपतो. नसा उपाशी पडतात, मेंदूसुद्धा. म्हणून हे भास."

इंजेक्शनं सुरू झाली, पुढे दर महिन्याला एक, जन्मभर घ्यायचं. हाक विरळ होत गेली, मग थांबली. पायांत मात्र पूर्ण जीव आला नाही. उशीर झाला होता. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. चिमाजी तेवढा गप्प गप्प झाला.

मग एका महिन्याला तो इंजेक्शनला गेलाच नाही. पुढच्याही नाही. "इसरलो," म्हणाला. सरुबाईला तो झेंडूच्या वाफ्यात सापडला, कान देऊन बसलेला.

"वाट पाहताय ना त्यांची?"

त्याने मान खाली घातली. "लय वर्षांनी आवाज ऐकला होता गं. सुई घेतली की वाटतं, मीच त्याला हाकलून देतोय."

सरुबाईने त्याचा हात धरून त्याला उठवलं आणि बधिर पावलं सांभाळत रस्त्यापर्यंत आणलं. दवाखान्यात नर्ससमोर त्याने दंड पुढे केला, पण तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि सुई निघाली तरी बराच वेळ तो वळला नाही.