डोळा की सूर्य

वेधशाळेत त्यांना सगळे ठिपकेबाई म्हणत. रोज सकाळी दुर्बिणीतून कागदावर ताटलीएवढं सूर्यबिंब पाडायचं आणि त्यावरचे काळे डाग पेन्सिलीने जसेच्या तसे उतरवून मोजायचे, हे काम त्या एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून करत आल्या होत्या. डाग अकराएक वर्षांच्या फेऱ्याने वाढतात नि ओसरतात. चढत्या वर्षांत बाईंची पेन्सिल महिन्याभरात संपे, उतरत्या वर्षांत तिला टोकही करावं लागत नसे.

निवृत्ती दोन महिन्यांवर आली, तेव्हा एक तरुण संशोधक आली. गुरू ग्रहाला सूर्याभोवती फिरायला जवळपास बारा वर्षं लागतात. त्याचा या चढउतारावर परिणाम होतो का, हे तिला तपासायचं होतं. बाईंच्या नोंदी संगणकात भरल्यावर तिने जरा जपूनच विचारलं, की मागच्या फेऱ्यात डाग इतके कमी कसे?

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच वर्षांत त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता. ऑपरेशन त्यांनी सात महिने लांबवलं होतं आणि ऑफिसात चकार शब्द काढला नव्हता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी. शिवण थांबवून म्हणाला, "माप चुकलं असेल तर कापड कापायच्या आधी सांगावं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या संशोधक मुलीला सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. तिने आणखी तीन वेधशाळांच्या नोंदी मागवल्या. त्या येईपर्यंतचे आठ दिवस बाईंना घास गोड लागला नाही.

नवव्या दिवशी मुलीने चारही आलेख शेजारी शेजारी ठेवले. सगळीकडे तीच उतरण. बाईंच्या हातून त्या सात महिन्यांतले काही बारके डाग सुटले होते, तेवढंच.

"बाई, डोळा नाही, सूर्यच मंदावला होता."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, मग गुरूचं काय झालं ते विचारलं. मुलगी म्हणाली की काही फेरे गुरूचं नि डागांचं पाऊल जुळतं, मग हळूहळू चुकत जातं. संबंध आहे म्हणायला तिच्याकडे पुरावा नाही.

"बरं झालं," बाई म्हणाल्या, "त्याच्यावरचाही आळ गेला."

त्यांनी मोतीबिंदूचे सात महिने नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिले, खाली सही केली आणि भर दुपारी बसची वाट न बघता चालत घरी निघाल्या.