उजव्या खांद्याची शिलाई

सुमनमावशींची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण माझं नव्हतं. अमेरिकेत, जॉर्जियातल्या आमच्या लष्करी छावणीबाहेर त्यांचं गणवेश शिवण्याचं दुकान आहे. मी पँट आखूड करायला गेलो, तेव्हा मावशी एका धिप्पाड सार्जंटला इंग्रजीत नियम ऐकवत होत्या आणि मधूनच मराठीत 'मेल्याला कळत कसं नाही' म्हणत होत्या. मला हसू फुटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, नागपूरचा का रे म्हणून विचारलं आणि चहाच पुढे केला.

त्या सार्जंटला उजव्या खांद्यावर एका नामांकित तुकडीचं चिन्ह हवं होतं. डाव्या खांद्यावर सध्याच्या तुकडीचं चिन्ह असतं. उजव्यावर, जिच्याबरोबर युद्धक्षेत्रात दिवस काढले तिचं. हे गृहस्थ तिथे चार दिवस पाहणीला गेले होते! मावशींची कसोटी एकच: नांदायला गेला होतास, की पाहुणचाराला? हे त्या इंग्रजीत कसं विचारतात कोण जाणे, पण गिऱ्हाइकाला बरोबर समजतं.

मावशींच्या पंच्याहत्तरीच्या या गौरव अंकात त्यांच्या थालीपिठांवर आणि विहारातल्या रविवारच्या वर्गावर पुष्कळजण लिहितील. मला माझ्या कोटाबद्दल सांगायचं आहे.

लष्करात येण्यापूर्वी मी नौदलात वैद्यकीय सहायक होतो. तेव्हा माझी नेमणूक मरीन सैनिकांच्या एका तुकडीत होती आणि तिच्याबरोबरच मी युद्धावर गेलो. माझा मित्र डॅनी तिथे माझ्या हातांत गेला. अनेक वर्षांनी त्याच्या स्मरणसभेचं बोलावणं आलं. त्याची आई येणार होती. मी तिला कधी भेटलो नव्हतो. मी कोटाच्या उजव्या खांद्यावर त्या तुकडीचं चिन्ह दुसरीकडून लावून घेतलं. सभेच्या आदल्या सकाळी वरिष्ठांनी ते पाहिलं आणि फर्मावलं, की लष्कराच्या कोटावर दुसऱ्या दलाचं चिन्ह चालायचं नाही, काढून टाक. मी मुकाट्याने कोट मावशींकडे नेला आणि उसवून द्या म्हणालो.

मावशींनी कात्रीला हात लावला नाही. आधी नेमणुकीचे कागद मागितले. मी फोन पुढे केला, तर म्हणाल्या, छापून आण, मला हे मुंगीएवढं दिसत नाही. मग पट्टी धरून ओळ न् ओळ वाचली. खणातून नियमांची वही काढली; तिच्या समासात त्यांच्याच अक्षरात मराठी टिपणं होती. पूर्वी दुसऱ्या दलात असताना केलेली युद्धसेवाही धरता येते, फक्त कागद आणि मान्यता हवी. मान्यता मागितलीस का, असं त्यांनी विचारलं. मागितली नव्हती. आपणच आपल्या मोठेपणाचा अर्ज काय करायचा, असं मला वाटलं होतं.

मावशी उसळल्या. "हक्काचं मागायला लाज कसली रे? भीक आहे का ती?"

त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर कचेरीत आल्या. वरिष्ठांनी कागद दोनदा वाचले. चूक आपली झाली, असं ते सरळ म्हणाले आणि दुपारपर्यंत मान्यतेवर सही आणून दिली. मला रडूच आलं. मावशी म्हणाल्या, कोट चुरगळेल, नीट धर.

दुसऱ्या दिवशी सभेत गर्दी होती. डॅनीची आई सगळ्यांशी हात मिळवत पुढे चालली होती. माझ्यापाशी तिची नजर उजव्या खांद्यावर गेली. तिने त्या चिन्हावर तळवा ठेवला आणि हळूच विचारलं, "तू माझ्या मुलाजवळ होतास?"

मावशी, तुमची नजर अशीच कडक आणि बोटं अशीच चपळ राहोत. निरोगी, भरभरून आयुष्य जगा, आम्हाला रागवत राहा. त्या दिवशी तुम्ही ते चिन्ह उसवून दिलं असतं, तर ती आई माझ्याशी हात मिळवून पुढे निघून गेली असती.