देवाला दिलेल्या भावाची शिष्यवृत्ती

माझा भाऊ जन्माआधीच देवाला दिलेला होता. आईबाबांच्या लग्नाला सात वर्षं होऊनही मूल नव्हतं, तेव्हा दोघांनी शिरूरच्या चर्चमध्ये गुडघे टेकून कबूल केलं, की मुलगा झाला तर तो पाळक होईल. आमच्या ख्रिस्ती लोकांत असे कबूल केलेले मुलगे बरेच असत. मुलींचं कुणी काही कबूल करत नसे. मी त्याच्या मागून अडीच वर्षांनी आले, आणि माझं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. भाऊ अठराव्या वर्षी विषमज्वरानं गेला, तेव्हा पाळकाच्या शिक्षणाला जायची त्याची पत्र्याची पेटी भरून तयार होती. बाबा रडले नाहीत. त्यांना दुसरीच काळजी लागली होती. देवाला दिलेला शब्द अपुरा राहिला होता. पोटचा पोर मातीआड केल्यावर माणसाला शब्दाची काळजी कशी सुचते, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही कळत नाही.

वर्षानं त्याच्या आठवणीची उपासना झाली. तिच्यात बाबा उभे राहिले आणि म्हणाले, की त्याच्यासाठी ठेवलेल्या पैशातून दरवर्षी शिरूर किंवा दौंडकडच्या एका ख्रिस्ती तरुणाला पाळकाच्या शिक्षणाला पाठवू. शिष्यवृत्तीला नाव भावाचं. ते ऐकून आई पदरात तोंड घालून रडली. मीही रडले. मला चिंचा पाडून देणारा, माझ्या वाटची कामं गुपचूप उरकणारा भाऊ होता तो.

निवड आमच्याच ओसरीवर व्हायची. आलेल्या तरुणानं एक स्तोत्र तोंडपाठ म्हणायचं, पाच मिनिटं उपदेश करायचा, मग जेवायला बसायचं. ऐकायला बाबा आणि पाळकसाहेब असत. पण खरी निवड आई करायची, आणि ती जेवताना. भावाला आवडायचं म्हणून ती बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत करी आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसून बघत राही. पहिल्या वर्षी एकानं भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खाल्ला. भाऊही तसाच खायचा.

“ह्यालाच धाडा,” आई बाबांना आत बोलावून म्हणाली.

बाबांनी त्यालाच पाठवलं. सहा महिन्यांत तो पळून आला आणि दौंडला इंजिनावर कोळसा टाकायला लागला. पुढं लग्न होऊन मी दौंडला राहायला गेले, तेव्हा तो कधी कधी स्टेशनात दिसायचा आणि मान खाली घालायचा. दुसऱ्या वर्षीचा हसताना भावासारखी मान कलती करायचा. तो टिकला. पण सुट्टीत भेटायला आला तर आई त्याला भावाच्या नावानं हाक मारू लागली, आणि तो पुन्हा आमच्या दारात आला नाही. पापुद्रा बघून पाळक निवडणारं जगात आपलंच घर असेल, असं मी एकदा बोलले आणि बाबांची थप्पड खाल्ली.

तिसऱ्या वर्षी मी मॅट्रिक झाले. मला पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. बाबांच्या पगारात ते बसणारं नव्हतं. यंदा भावाच्या शिष्यवृत्तीचे पैसे मला मिळतील का, असं मी आधी आईला विचारलं.

“बाबास्नी इचार. मला त्यातलं काय कळत न्हाई,” आई म्हणाली.

बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, “तो पैसा आपला नाही. देवाला दिलेला आहे.”

“मग मी देवाच्याच शाळेत शिकवीन,” मी म्हणाले.

बाबा म्हणाले, “यंदा कोण येतं ते बघू.”

एवढ्या बोलण्यावर मी तीन आठवडे जगले. कुणी येऊ नये म्हणून मी प्रार्थना करायची. भावाच्या नावानं कुणी येऊ नये, असं बहिणीनं मागायचं, याची मला लाजही वाटायची, पण मी मागत राहिले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दौंडहून एक जण एस.टी.नं आला. रेल्वेच्या गँगमनचा मुलगा, अंगापेक्षा मोठा शर्ट घातलेला. त्याला बघताक्षणीच मला त्याचा राग आला. तो ओसरीवर उभा राहून स्तोत्र म्हणू लागला आणि चौथ्या ओळीला अडला. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला आणि पुन्हा तिथंच अडला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून पुढचं स्तोत्र शेवटपर्यंत म्हणून टाकलं. त्याला मदत म्हणून नव्हे. मला येतं, हे बाबांच्या कानावर पडावं म्हणून.

“पुढं म्हण,” बाबा त्या मुलाला म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

तो मुलगा घामाघूम झाला होता. “मास्तर, मला न्हाई येत,” तो म्हणाला. “आन् खरं सांगायचं तर माझं मन बी न्हाई. मला रेल्वेत जायचंय. आई म्हनली म्हून आलो. ह्या ताईंस्नी द्या की. त्यांस्नी समदं येतंय.”

पाळकसाहेबांनी बाबांकडं पाहिलं. “मास्तर, विचार करायला हरकत नाही,” ते हळूच म्हणाले.

बाबा भिंतीकडं बघत बसले होते. त्या वेळी ते एकदम म्हातारे दिसले, आणि मला त्यांची दयाही आली.

“कबूल मुलगा केला होता,” ते म्हणाले. “मुलगाच द्यायला हवा. मन पुढं लागेल त्याचं.”

मग ताटं मांडली. मी भाकरीची टोपली घेऊन उभी राहिले. जेवणाआधी बाबांनी प्रार्थना सुरू केली, तसे सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

“प्रभू,” बाबा म्हणाले, “तू आम्हांला एकच लेकरू दिलंस आणि तेही परत नेलंस. त्याच्या जागी आज हा मुलगा तुझ्यापुढं आणतो.”

आईनं डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं. ती काही बोलेल असं मला वाटलं. तिनं पुन्हा डोळे मिटले आणि सगळ्यांच्या आधी आमेन म्हणाली.